ओळंबा आणि उपग्रह: तिबेटच्या पठाराखाली काय हलतंय?



मागच्या भागात आपण हिमालयाची उंची कशी मोजतात ते पाहिलं. त्यावर पापनाशमहून एका आजोबांचा निरोप आला. पापनाशम म्हणजे तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधलं गाव. तंजावरकर मराठी घराण्यातले आजोबा, घरात अजून मराठी बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आमच्याकडे ताटासारखी सपाट भातशेती. खाली कावेरीचा गाळ, आजूबाजूला टेकडीसुद्धा नाही. तुम्ही हिमालय-तिबेट सांगता ते ऐकायला छान वाटतं, पण जमिनीखाली सत्तर किलोमीटरवर काय चाललंय हे आकाशातून कसं कळणार? आणि कळलं तरी आमच्या घराला त्याचा काय उपयोग?

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर सांगता सांगता दुसऱ्यापाशी पोचू. सुरुवात मात्र तिबेटपासून करायची नाही. सुरुवात आजोबांच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, तंजावरच्या मोठ्या देवळापासून करू. पठाराच्या पोटातलं मोजण्याची गोष्ट खरोखरच तिथून जाते.

1808: देवळाच्या शिखरावर थिओडोलाइट

विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. 10 एप्रिल 1802 रोजी त्यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी जमिनीवर साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनं मोजायला घेतली. ही पायारेषा. एका रेषेची लांबी पक्की कळली की पुढे फक्त कोन मोजायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजत जायचं. यालाच पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणू लागले. कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटनचा थिओडोलाइट जवळपास अर्धा टन वजनाचा होता आणि त्याची आडवी चकती तीन फूट व्यासाची होती.

कोन मोजायला लांबचं दिसावं लागतं. डोंगराळ भागात शिखरावर चढता येतं. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात चढणार कशावर? शेतं, माड आणि देवळं. म्हणून लॅम्बटनच्या माणसांनी देवळांची गोपुरं निवडली. 1808 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर तो थिओडोलाइट दोरांनी चढवत असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याची मोठी चकती वाकली. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. याच देवळाच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, 1803 साली, त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला होता. लॅम्बटननं ते यंत्र फेकून दिलं नाही. कित्येक आठवडे तंबूत बसून चकती पुन्हा गोल केली आणि काम पुढे नेलं.

लॅम्बटन 1823 साली वारला तो आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टनं त्रिकोणांची माळ उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. आणि तिथे एक गडबड उघडकीला आली.

ओळंबा चुकला, पण किती?

गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्यानं बघतो. दोरीला वजन बांधलं की ते सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे बघतं असं आपण धरून चालतो. सर्वेक्षणातही ‘वर’ कुठे आणि ‘खाली’ कुठे हे ओळंब्यानंच ठरतं. आणि ताऱ्यांवरून एखाद्या गावाचं अक्षांश काढायचं तर ही उभी रेषाच आधाराला घ्यावी लागते.

आता दोन ठिकाणं घ्या. एक मध्य भारतातलं कल्याणपूर, दुसरं त्याच्या उत्तरेला, हिमालयाच्या जवळचं कलियाणा. दोहोंमधलं अंतर सुमारे 600 किलोमीटर. त्रिकोणांच्या हिशेबानं अक्षांशांमधला फरक एक आला, ताऱ्यांवरून दुसरा आला. दोन्हींमधली तफावत होती 5.236 सेकंद. कोनाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण 31 मीटर, म्हणजे तफावत झाली 160 मीटरची. 600 किलोमीटरमध्ये 160 मीटर! इतकं काटेकोर काम करणाऱ्यांच्या दृष्टीनं ही फारच मोठी चूक होती.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मगुरू असले तरी गणितात पक्के होते. ते म्हणाले, चूक माणसांची नाही. हिमालय हा एवढा मोठा ढीग आहे, तो ओळंब्याला आपल्याकडे ओढतोय. मग त्यांनी डोंगरांचं वस्तुमान धरून ही ओढ किती असायला हवी याचा हिशेब केला. उत्तर आलं 15.885 सेकंद.

इथे जरा थांबा, कारण आजच्या संपूर्ण विषयाचं मर्म इथेच आहे. डोंगर ओळंबा ओढतो हे कळण्यात फारसं आश्चर्य नव्हतं. आश्चर्य हे की तो पुरेसा ओढत नव्हता. जेवढा ओढायला हवा त्याच्या फक्त एक तृतीयांश. म्हणजे वर दिसणाऱ्या डोंगराची ओढ खालचं काहीतरी कमी करत होतं. कोणीही एक फावडं मातीसुद्धा खणली नव्हती आणि तरी जमिनीखालची पहिली बातमी हाती आली होती. अपेक्षा आणि मोजमाप यांच्यात जो फरक उरला, त्या उरलेल्या फरकातच ती होती.

पाण्यावरचा ओंडका

1855 साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. डोंगर जमिनीवर ठेवलेला नाही, तो तरंगतोय. पाण्यात ओंडका जितका वर दिसतो त्याहून जास्त खाली बुडालेला असतो. ओंडका जाड असेल तर तो वरही जास्त डोकावतो आणि खालीही जास्त जातो. तसंच भूकवच खालच्या जड प्रावरणावर तरंगतं. उंच डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं, त्या मुळानं जड प्रावरणाची जागा घेतलेली असते, म्हणून डोंगराची एकूण ओढ कमी भरते. प्रॅट यांचं स्वतःचं स्पष्टीकरण वेगळं होतं. त्यांच्या मते डोंगराखालचा खडकच कमी घनतेचा होता. पण वजनाचा समतोल दोघांनाही मान्य होता. यालाच भूसंतुलन म्हणतात.

हिशेब आपणही करून बघू. भूकवचाच्या खडकाची घनता पाण्याच्या सुमारे 2.8 पट, प्रावरणाची सुमारे 3.3 पट. फरक 0.5. वर एक किलोमीटर उंची वाढवायची तर खाली मूळ किती हवं? 2.8 भागिले 0.5, म्हणजे 5.6 किलोमीटर. तिबेटच्या पठाराची उंची साधारण 5 किलोमीटर. मुळाची खोली झाली 28 किलोमीटर. आपल्या द्वीपकल्पासारख्या साध्या जमिनीखाली भूकवच 35 किलोमीटर धरू. त्यात वरचे 5 आणि खालचे 28 मिळवले की 68 किलोमीटर होतात. पुढे भूकंपलहरींवरून तिबेटखालची जाडी प्रत्यक्ष काढली गेली, ती 70 किलोमीटरच्या आसपास आहे. कागदावरचा एवढासा हिशेब निसर्गाच्या किती जवळ जातो बघा.

खणून हे बघता आलं असतं का? रशियातल्या कोला इथलं जगातलं प्रसिद्ध खोल छिद्र 12 किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. आपल्याकडे कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं, त्यालाही केवढी खटपट. 70 किलोमीटर खणणं शक्य नाही. तेव्हा वरून तोलणं हाच मार्ग.

आकाशातले तीन ताजवे

लॅम्बटनकडे साखळी, थिओडोलाइट आणि ओळंबा होता. आज या तिन्हींची जागा उपग्रहांनी घेतली आहे.

पहिला ताजवा जीपीएसचा. तुमच्या फोनमधलं जीपीएस काही मीटर चुकतं. खडकात रोवलेल्या खांबावर बसवलेला शास्त्रीय अँटेना मात्र वेगळ्या रीतीनं मोजतो. तो उपग्रहाच्या संदेशातली मूळ रेडिओ-लाटच मोजतो. ती लाट 19 सेंटिमीटर लांब असते आणि तिचा अगदी छोटा अंशही ओळखता येतो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं मोजत राहिलं की वर्षाला मिलिमीटरभर सरकणंही दिसतं. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत असं केंद्र 1990 च्या दशकापासून चालू आहे. ते सांगतं की बंगळूर दर वर्षी साधारण साडेपाच सेंटिमीटर ईशान्येकडे जातंय. नखं वाढतात त्याहून थोडं जास्त.

पापनाशमही त्याच भूपट्टावर आहे, त्यामुळे तेही त्याच वेगानं चाललंय. तंजावरचं देऊळ 1010 च्या सुमारास पूर्ण झालं. याच वेगानं हिशेब केला तर तेव्हापासून ते पंचावन्न-छपन्न मीटर ईशान्येला सरकलंय, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या उंचीइतकं. लॅम्बटनचा दोर तुटला त्या दिवसापासून बारा मीटर. देवळासकट शेतं, माड, रेल्वे सगळं बरोबरच सरकतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

आता ल्हासाच्या केंद्राकडे पाहू. तेही ईशान्येकडे जातं, पण उत्तरेकडचा त्याचा वेग बंगळूरपेक्षा वर्षाला जवळपास दोन सेंटिमीटरनं कमी आहे. मागची गाडी वेगात आणि पुढची हळू, म्हणजे मधलं अंतर घटतंय. हे दोन सेंटिमीटर हिमालयात जिरतात. भारत आणि आशिया एकमेकांकडे येण्याचा जो एकूण वेग आहे त्यातला हा साधारण निम्मा भाग. उरलेला निम्मा तिबेटमध्ये आणि त्याच्या पलीकडे वाटला जातो.

दुसरा ताजवा रडारचा. युरोपचा सेंटिनेल-1 हा उपग्रह सुमारे 700 किलोमीटरवरून जमिनीवर रडारची लाट सोडतो. ती 5.6 सेंटिमीटरची असते. त्याच जागेवरून काही दिवसांनी पुन्हा जाताना तो दुसरं चित्र घेतो आणि दोन्ही चित्रांतल्या लाटा एकमेकींवर ठेवून पाहतात. जमीन वरखाली झाली असेल तर लाटा जुळत नाहीत आणि चित्रात रंगीत कडी दिसतात. एक कडं म्हणजे 2.8 सेंटिमीटरचा फरक. एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर अशाच चित्रांवरून कळलं की काठमांडूच्या परिसरातली जमीन जवळपास मीटरभर वर आली आणि उत्तरेकडचा उंच डोंगर खचला.

तिसरा ताजवा गुरुत्वाकर्षणाचा आणि तो थेट ओळंब्याच्या वंशातला आहे. 17 मार्च 2002 रोजी ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी सोडली गेली. दोन उपग्रह, एकामागे एक, 220 किलोमीटरच्या अंतरानं. पुढचा उपग्रह जड भागाच्या जवळ आला की तो किंचित ओढला जातो आणि अंतर वाढतं. मग मागचा ओढला जातो, अंतर कमी होतं. हे वाढणं-घटणं केसाच्या जाडीपेक्षाही बारीक मापात टिपलं जातं. महिन्यामागून महिना असं मोजत राहिलं की पृथ्वीवर वजन कुठे वाढलं आणि कुठे घटलं याचा नकाशा होतो. ती जोडी 2017 साली थांबली, तिची जागा 2018 मध्ये दुसऱ्या जोडीनं घेतली.

पोळीच्या आतलं पुरण

हे तीन ताजवे तिबेटवर लावले तेव्हा काय दिसलं?

तिबेट पूर्वेकडे पसरतंय. पठाराच्या पूर्व भागातली जीपीएस केंद्रं पूर्वेकडे जातात आणि पुढे चीनच्या सिचुआन-युन्नान भागात घड्याळाच्या काट्यासारखी वळून दक्षिणेकडे येतात. दगडाचा एखादा अखंड तुकडा असा वळत नाही.

यातून 1990 च्या दशकाच्या शेवटी एक कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या ली रॉयडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ती मांडली. भूकवच जाड झालं की खालचा भाग जास्त खोल जातो, तिथे तापमान वाढतं, शिवाय खडकातल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता जाड थरात साठून राहते. त्यामुळे वरचे काही किलोमीटर कडक, ठिसूळ आणि खालचा थर मऊ. आपण पुरणपोळी लाटतो तेव्हा लाटण्याचा दाब मध्ये पडला की पुरण कडेकडे सरकतं. तिबेटमध्ये लाटणं म्हणजे पाच किलोमीटर उंच पठाराचं स्वतःचंच वजन. खालचं ‘पुरण’ दाब कमी असलेल्या दिशेला, पूर्वेकडे निघतं. समोर सिचुआनच्या खोऱ्याचा जुना, थंड, कडक खडक येतो तिथे ते अडून साचतं, जमीन वर उचलतं आणि बाजूनं वाट काढतं.

‘मऊ’ म्हणजे वितळलेला रस असा समज करून घेऊ नका. हा थर डांबरापेक्षा अब्जावधी पट घट्ट आहे. हातोडा मारला तर तो दगडच. पण वर्षं, शतकं, लाखो वर्षं दाब राहिला की तो वाहतो.

हे तपासायचं कसं? त्यासाठी पठारावर ज्ञात वजन ठेवून जमीन किती दबते ते बघायचं. असं वजन निसर्गानंच ठेवून दिलं. मध्य तिबेटमध्ये सिलिंग त्सो नावाचं प्रचंड सरोवर आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत त्याची पातळी वर्षाला जवळपास मीटरभर चढली. पापनाशममध्ये पालैवननाथर देवळाजवळ नायकांच्या काळातलं विटांचं मोठं धान्याचं कोठार आहे. भात भरलं की त्याखालची माती थोडी दबणार, रिकामं झालं की सावरणार. सिलिंग त्सोच्या काठाचं तसंच झालं. रडारच्या चित्रांत सरोवराभोवतालची जमीन वर्षाला काही मिलिमीटर खचताना दिसली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हिशेब मांडला: भूकवच तळापर्यंत कडक आणि लवचीक असतं तर जमीन एवढी आणि अशी दबली नसती. खालचा थर मऊ धरल्यावरच आकडे जुळले.

दुसरी कसोटी भूकंपाची. 14 नोव्हेंबर 2001 रोजी उत्तर तिबेटमध्ये कोकोशिली इथे 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जमीन सुमारे 400 किलोमीटर लांब फाटली. धक्का मिनिटा-दोन मिनिटांचा, पण त्यानंतर कित्येक वर्षं आजूबाजूची जमीन हळूहळू सरकत राहिली. वरचा कडक थर तुटून हलला, खालचा मऊ थर त्याच्याशी जुळवून घेत राहिला. ही मंद सरक उपग्रहांनी टिपली आणि तिच्यावरून खालच्या थराचा घट्टपणा काढता आला.

यातला प्रत्येक आकडा मात्र थोडा वेगवेगळा येतो. शिवाय काही वर्षांच्या प्रयोगावरून लाखो वर्षांच्या प्रवाहाबद्दल बोलणं ही मोठी उडी आहे. खालचा थर पठाराच्या कडेपर्यंत सलग वाहतो, की मोठमोठे कडक तुकडे मोठ्या भेगांवरून घसरतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. थर मऊ आहे याला इतर पुरावा आहे. 1990 च्या दशकात तिबेटच्या आरपार केलेल्या पाहणीत खोलवर विजेला सहज वाट देणारे, लहरी मंदावणारे थर सापडले होते. पण ‘मऊ आहे’ आणि ‘हजार किलोमीटर वाहतो’ ही दोन वेगळी विधानं आहेत. ऐकताना ती वेगळी ठेवा.

आधी पाणी वजा करा

खोल जमिनीचं माप घेण्यातली सर्वांत मोठी अडचण खोलीची नाही, पाण्याची आहे.

पावसाळ्यात गंगेच्या मैदानात एवढं पाणी साठतं की त्याच्या वजनानं जमीन दबते आणि नेपाळमधली जीपीएस केंद्रं दर वर्षी खालीवर होतात. पाणी ओसरलं की पुन्हा वर. ज्याला खोल भूकवचाची वर्षाला एक-दोन मिलिमीटरची चढण शोधायची आहे त्याला हा वार्षिक झोका आधी काढून टाकावा लागतो. ग्रेसच्या बाबतीत तर हे अजून अवघड. ग्रेसला वजन घटलेलं कळतं, पण ते हिमनदी वितळल्यानं, विहिरी उपसल्यानं की खाली खडक सरकल्यानं, हे तो सांगत नाही. पंजाब, हरियाणा, राजस्थान या भागांत भूजल किती वेगानं संपतंय हे 2009 साली ग्रेसच्याच मोजणीतून जगासमोर आलं. शेतकऱ्याच्या पंपाची खबर आकाशात गेली होती.

त्याच वर्षी चिनी आणि जपानी शास्त्रज्ञांनी तिबेटबद्दल एक निष्कर्ष मांडला. ल्हासा आणि आसपास जमिनीवर ठेवलेल्या यंत्रांनी गुरुत्वाकर्षण वर्षागणिक किंचित घटताना दाखवलं होतं. जमीन वर चढल्यामुळे होणारी घट आणि इतर कारणं वजा केल्यावरही काही घट उरली. त्यांनी अर्थ लावला: खाली जड प्रावरणाच्या जागी हलकं भूकवच येतंय, मूळ अजून खोल जातंय, वर्षाला दोन सेंटिमीटरच्या थोडं वर. पण या आकड्यातली अनिश्चितता त्याच्या निम्म्याहून जास्त होती. प्रॅट यांच्यासारखीच ही उरलेल्या फरकाची गोष्ट आहे. फक्त प्रॅट यांच्यापुढे 15 आणि 5 यांमधला ठसठशीत फरक होता. इथे फरक इतका बारीक की हिमनद्यांचा हिशेब थोडा चुकला तरी निष्कर्ष डळमळतो.

शून्याचा अर्थ

आता आजोबांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या घराला काय उपयोग?

तिबेटच्या पूर्व कडेला लोंगमेनशान नावाची डोंगररांग आहे. सिचुआनच्या खोऱ्यातून पन्नासेक किलोमीटरमध्ये जमीन एकदम चार हजार मीटरपर्यंत चढते. जीपीएसनं मोजलं तर या रांगेच्या आरपार जमीन वर्षाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आवळत होती. एवढा मंद वेग, मग एवढी उंची कशी? खालून साचणाऱ्या मऊ थरानं वर उचलली असेल, असं त्याचं सुबक उत्तर होतं. आणि मंद वेग म्हणजे कमी धोका, असं कोणालाही वाटलं असतं. 12 मे 2008 रोजी तिथेच वेनचुआनचा 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला. मृत आणि बेपत्ता मिळून जवळपास 87 हजार माणसं गेली.

इतक्या लांब जायला नको. लॅम्बटनच्या परंपरेत एकोणिसाव्या शतकात मोजलेली दक्षिण भारतातली ठिकाणं 1994 साली जीपीएसनं पुन्हा मोजली गेली. विनोद गौर, रॉजर बिल्हम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. 1864 ते 1994 या 130 वर्षांत द्वीपकल्प किती ताणलं किंवा आवळलं गेलं, हा प्रश्न होता. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘स्थैर्य’ हा शब्द आहे. द्वीपकल्प एका अखंड फळीसारखं सरकतं.

आणि याच 130 वर्षांच्या आत, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं, लोक थकून झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. पुढे 2002 साली तो पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकला.

म्हणून उपग्रहाचं ‘शून्य’ नीट वाचायला शिकलं पाहिजे. शून्याच्या जवळचा वेग म्हणजे ताण साठायला फार वेळ लागतो, भूकंप फार क्वचित होतात. कधीच होत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. हिमालयात दोन सेंटिमीटर जिरतात तिथे मोठा भूकंप येणार हे निश्चित, फक्त तारीख माहीत नाही. द्वीपकल्पात तो येण्याची शक्यता कमी, पण घरं तयार नसली तर मध्यम भूकंपही गाव संपवतो. उपग्रह तारीख सांगत नाही. घराची भिंत बांधायची की नाही, कशी बांधायची, हे ठरवायला मदत करतो. त्यापुढचं काम पुन्हा गवंड्याचं आणि त्याच्या ओळंब्याचं.

पुन्हा देवळापाशी

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून निसार हा उपग्रह गेला. इस्रो आणि नासा यांचा हा एकत्रित उपग्रह. तो दर 12 दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लाट 24 सेंटिमीटरची आहे, म्हणजे सेंटिनेलपेक्षा कितीतरी लांब. आजोबांना याचा उपयोग आहे. भाताच्या शेतात रडारचं काम बिघडतं. आज चिखल, पंधरा दिवसांनी रोपं, मग डोलणारं पीक, मग कापणी. पृष्ठभागच बदलत राहिला तर दोन चित्रं जुळणार कशी? लांब लाट पानांतून अधिक सहज पार होते, म्हणून असा मुलूखही मोजता येईल अशी आशा आहे. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत जे बारीक खचणं दिसेल ते बहुतेक गाळ दबल्याचं आणि भूजल उपसल्याचं असेल, भूकवचाचं नव्हे. पण शेतकऱ्याला ते कळणंही कमी मोलाचं नाही.

तोवर भातशेतीच्या मुलखात रडारला भरवशाच्या खुणा कोणत्या सापडतात? जे हलत नाही, पिकाबरोबर बदलत नाही ते: पक्की घरं, पूल आणि देवळांची गोपुरं. लॅम्बटनलाही याच सपाटीत गोपुरांचाच आधार घ्यावा लागला होता.

तेव्हा आजोबा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. आकाशातून खालचं काही दिसत नाही. वरचं फार काटेकोर मोजतात, जे माहीत आहे ते सगळं वजा करतात, आणि जे उरतं ते खालचं असतं. वजाबाकी जितकी प्रामाणिक, तितकं खालचं चित्र खरं. तुम्ही कधी तंजावरच्या देवळात गेलात, तर सरफोजी राजांनी कोरून घेतलेला तो मराठी लेख वाचा आणि मग मान वर करून शिखराकडे बघा. हिमालयाच्या मुळांपर्यंत पोचलेलं मोजमाप एकदा तिथून खाली आपटलं होतं.

कोणाच्या गावाजवळ जीटीएसचा जुना दगड किंवा बुरूज असेल तर जरूर कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू. पुढच्या वेळी कोयनेच्या त्या 3 किलोमीटर खोल छिद्रात उतरू. तोपर्यंत नमस्कार.